चोवीस की अठ्ठेचाळीस

नीथमध्ये डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
इड्रिसच्या गॅरेजात दिवा एकच
आणि तोही मी हातात धरलेला,
कारण उजेड हवाय तो फक्त
पाच छिद्रांच्या एका सॉकेटात.

त्याची पेटी चौऱ्याऐंशीची,
पत्र्याच्या कारखान्यातल्या पहिल्या बोनसची.
माझी गेल्या दिवाळीतली, हप्त्यांवर.
मध्ये एक केबल.
तरी दोघींचं पटेना.
माझी पुढे निघून जाते, त्याची मागून येते
चपलेचा अंगठा तुटलेल्या बाईसारखी.

पहिला तास केबलवर गेला.
बदलली. पुन्हा बदलली.
जुनीच परत लावली.
मग सापडलं: दोन्हींच्या आत लिहिलेलं,
घड्याळ मीच.
एका घरात दोन कर्ते, मग काय होणार!
तिचं कर्तेपण काढून घेतलं, ऐकायला लावलं.
इड्रिस म्हणाला, आमच्या युनियनने
हे चालू दिलं नसतं.

आता ती ऐकत होती, पण अर्धंच.
माझीची चार पावलं, तिची दोन.
म्हातारी झाली मोटर, इड्रिस म्हणाला.
तिच्यात मोटर नाहीये, मी म्हटलं
आणि अंगठ्याने पेरं मोजत बसले,
जशी मामाने मिरजेत शिकवली होती
तबल्याची शाई घोटता घोटता.
धा धिं धिं धा.
अरे, हा बिघाड नव्हेच.
ही तर ठाय.
माझी पेटी ठोक्याचे चोवीस तुकडे करते,
त्याची अठ्ठेचाळीस मागते.
चोवीस पोचतात,
उरलेल्या चोवीसांची ती वाट बघत बसते
पान वाढून.

इड्रिसला दुगुन समजावणं
हे त्याहून अवघड काम.
शेवटी पैशांत सांगितलं:
तू पौंड मागतोस, मी पन्नास पेन्स देते,
म्हणून तू दर दुसऱ्या वेळी हलतोस.
मग इतकी वर्षं मला कुणी बोललं का नाही?
इतकी वर्षं तू तिला कशाला जोडलीस?
तो थांबला.
कशालाच नाही, म्हणाला.
एकटी असताना ती बरोबरच असायची.
आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला,
त्यात स्क्रू निघाले.

मेनूच्या तळाशी, जिथे कुणी जात नाही त्या पानावर,
अठ्ठेचाळीस केले.
आता वेग एक.
पण ती केसभर मागे, कायमची,
समेवर पोचावं तर सम उठून गेलेली.
हे मात्र माझं चुकत होतं.
चल म्हणायचे आणि त्याच श्वासात
पहिला ठोका द्यायचे.
ती गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत
तो निसटायचा,
आणि पुढचा प्रत्येक ठोका ती
त्याच्या नावाने मोजायची.

चल आणि पहिल्या ठोक्यामध्ये
नऊ मिलिसेकंद सोडले.
पापणी लवायला याच्या दहापट लागतात.
तिला पुरले.

सोळा बटणांवरून लाल ठिपका फिरू लागला,
तिच्याही, माझ्याही,
आणि गॅरेजातला रंगाचा रिकामा डबा
दोन्हींच्या मध्ये थरथरायला लागला.
आम्ही काही बोललो नाही.
इड्रिसने चष्मा काढला, पुसला,
पुन्हा काढला.

इतक्यात भिंतीवर दणका.
शेजारच्या मिसेस प्रोसर, झाडूच्या दांड्याने.
साडेआठ वाजून गेले होते.
इड्रिसचा हात स्विचकडे निघाला.
थांब, मी मनगट धरलं.
पेरं चालू होती माझी.
आणखी एक.
आणखी एक.
तिन्ही वेळा दांडा
नवव्या बटणावर पडला होता,
खालीच्या जागी, बरोब्बर,
केबलशिवाय.